ऑक्सिजन-अभावोत्तर मायोक्लोनसवरील औषधोपचार

ऑक्सिजन-अभावोत्तर मायोक्लोनस हा मेंदूला काही काळ पुरेसा ऑक्सिजन न मिळाल्यामुळे उद्भवणारा चेतासंस्थेचा विकार आहे. त्यात हात, पाय, धड किंवा चेहरा यांतील स्नायूंना अचानक, क्षणिक आणि अनैच्छिक झटके बसतात. हृदयक्रिया किंवा श्वसन बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांमध्ये तो आढळतो. शुद्धीवर आल्यानंतर टिकून राहणाऱ्या दीर्घकालीन प्रकारास लान्स-ॲडम्स लक्षणसमूह म्हणतात. या प्रकारातील रुग्णाची समज व स्मरण पुष्कळदा बऱ्यापैकी शाबूत असते, परंतु पेला उचलणे, लिहिणे, उभे राहणे अशी हेतुपूर्वक हालचाल करू जाताच झटके सुरू होतात. हा विकार समूळ बरा करणारे औषध उपलब्ध नाही. क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटम, पिरासेटम इत्यादी औषधांनी झटक्यांची तीव्रता कमी करता येते आणि रुग्णाला दैनंदिन कामे काही अंशी पुन्हा स्वतः करता येऊ शकतात.

## संज्ञा व स्वरूप

मायोक्लोनस ही संज्ञा स्नायूंच्या विजेसारख्या क्षणिक झटक्यांसाठी वापरतात. असा झटका सामान्यतः सेकंदाच्या अल्पांशापुरता टिकतो. निरोगी व्यक्तीतही मायोक्लोनस आढळतो. झोप लागत असताना अंग दचकणे आणि उचकी लागणे ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

झटके दोन प्रकारचे असतात. धन मायोक्लोनसमध्ये स्नायू अचानक आकुंचन पावतो. ऋण मायोक्लोनसमध्ये आकुंचन पावलेल्या स्नायूचा ताण क्षणभर सुटतो. लान्स-ॲडम्स लक्षणसमूहात हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. हातात धन झटका आला तर पेल्यातील पाणी उडते. मांडीच्या स्नायूंमध्ये ऋण झटका आला तर उभ्या रुग्णाचे गुडघे एकाएकी मोडतात आणि तो खाली कोसळतो. म्हणून असे रुग्ण उसळत्या, अस्थिर चालीने चालतात किंवा चालणे टाळून चाकांच्या खुर्चीचा आधार घेतात. जीभ व घशाच्या स्नायूंवर परिणाम झाल्यास बोलणे तुटक होते. पूर्ण विश्रांतीत झटके कमी होतात. हालचालीचा हेतू, मानसिक ताण, अनपेक्षित स्पर्श किंवा आवाज यांमुळे ते वाढतात.

## तीव्र व दीर्घकालीन प्रकार

कालावधी आणि रुग्णाची शुद्धी यांवरून या विकाराचे दोन प्रकार मानले जातात. त्यांचे उपचार व भवितव्य भिन्न असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा आहे.

तीव्र प्रकार हृदयक्रिया पुन्हा सुरू झाल्यावर साधारणपणे पहिल्या १ ते ३ दिवसांत, रुग्ण बेशुद्ध असताना दिसतो. झटके सर्वांगाला, विशेषतः चेहरा व धड यांना बसतात. ते सर्वांगव्यापी असून ३० मिनिटे किंवा अधिक काळ सलग चालू राहिले, तर त्यास मायोक्लोनसची सततावस्था म्हणतात. ती मेंदूच्या व्यापक हानीची निदर्शक असू शकते.

दीर्घकालीन प्रकार म्हणजे लान्स-ॲडम्स लक्षणसमूह होय. तो शुद्धी परतत असताना किंवा त्यानंतर काही दिवस ते काही आठवड्यांनी स्पष्ट होतो आणि महिनोन्महिने अथवा वर्षानुवर्षे टिकतो. दम्याचा तीव्र झटका, भूल देतानाची दुर्घटना, औषधांची अतिमात्रा, पाण्यात बुडणे, गळफास यांसारख्या श्वसन प्रथम थांबणाऱ्या घटनांनंतर तो विशेषत्वाने नोंदवला गेला आहे. हृदयक्रिया प्रथम बंद पडल्यानंतरही तो होऊ शकतो.

पूर्वी बेशुद्ध रुग्णातील सुरुवातीचे झटके हे जवळजवळ निश्चितपणे वाईट भवितव्याचे चिन्ह मानले जात. मात्र अशा काही रुग्णांना पुढे शुद्ध आल्याच्या आणि त्यांच्यात लान्स-ॲडम्स लक्षणसमूह दिसल्याच्या नोंदी आहेत. केवळ झटके पाहून जीवनरक्षक उपचार थांबवल्यास, बरे होऊ शकणारा रुग्णही गमावण्याचा धोका असतो. यामुळे २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भवितव्याचा निर्णय किमान ७२ तासांनंतर घ्यावा आणि तो एकाच लक्षणावर आधारू नये. मायोक्लोनसची सततावस्था हे त्यातील अनेक निकषांपैकी केवळ एक आहे.

## इतिहास

जेम्स लान्स (१९२६–२०१९) हे ऑस्ट्रेलियन आणि रेमंड ॲडम्स (१९११–२००८) हे अमेरिकन चेतातज्ज्ञ होते. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी अभ्यासलेल्या ४ रुग्णांचे वर्णन १९६३ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ऑक्सिजन-अभावातून वाचलेल्या या रुग्णांमध्ये हालचालीच्या प्रयत्नासरशी झटके येत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे या दोघांच्या नावाने हा लक्षणसमूह ओळखला जाऊ लागला.

१९७० च्या दशकात औषधोपचाराचा पाया घातला गेला. फ्रान्समध्ये लेर्मित व सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन या सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने सुधारणा झाल्याचे नोंदवले. १९७७ मध्ये मेल्विन व्हॅन वोर्ट व सहकाऱ्यांनी त्याच द्रव्याचा कार्बिडोपासह दीर्घकाळ केलेला वापर प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये स्टॅनली फान यांनी व्हॅल्प्रोइक आम्लाचा उपयोग वर्णिला. याच काळात क्लोनाझेपामचा वापरही रूढ झाला.

## विकृतिविज्ञान

ऑक्सिजनच्या अभावाचा फटका मेंदूच्या सर्व भागांना सारखा बसत नाही. अनुमस्तिष्कातील पुर्किंजे पेशी, हिप्पोकॅम्पस आणि प्रमस्तिष्क बाह्यकाचे काही थर विशेष संवेदनक्षम असतात. चेतापेशींना आवर घालणारी यंत्रणा दुबळी झाली की उत्तेजन अनियंत्रित होते आणि लहानशा संकेतानेही स्नायूंकडे आज्ञांचा स्फोट होतो.

झटक्याचा उगम मुख्यतः दोन ठिकाणी मानला जातो. बाह्यकजन्य प्रकारात तो प्रमस्तिष्काच्या संवेदी-प्रेरक बाह्यकात असतो. जालीय प्रतिक्षेपी प्रकारात तो मस्तिष्कस्तंभात असतो. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. काही रुग्णांच्या पीईटी चित्रणात थॅलॅमसच्या अधर-पार्श्व भागात आणि मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स या भागात ग्लुकोजचा वापर वाढलेला आढळला आहे.

रासायनिक पातळीवर दोन व्यवस्थांचा विचार केला जातो. गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, संक्षेपाने गॅबा, हे मेंदूतील प्रमुख शामक चेतासंदेशक आहे. त्याचे कार्य वाढवणारी औषधे झटके दाबतात. दुसरी व्यवस्था सेरोटोनिनची आहे. काही रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून बनणाऱ्या द्रव्याचे प्रमाण कमी आढळले आणि त्यावरूनच सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याच्या उपचारास चालना मिळाली.

## उपचारापूर्वीचे निदान

औषध निवडण्यापूर्वी झटक्यांचे कारण निश्चित करणे आवश्यक असते. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे, रक्तातील क्षारांचा असमतोल, तसेच ओपिऑइड वेदनाशामके किंवा सेफेपिमसारखी प्रतिजैविके यांमुळेही मायोक्लोनस होतो. अतिदक्षता विभागातील रुग्णात ही कारणे एकत्र असू शकतात आणि ती दूर केल्यास झटके थांबू शकतात. अपस्माराचे झटके, कंप आणि थंडी वाजून येणारी थरथर यांच्यापासूनही मायोक्लोनस वेगळा ओळखावा लागतो.

मेंदू-विद्युतालेख आणि स्नायू-विद्युतालेख एकाच वेळी नोंदवल्यास झटक्याच्या आधी बाह्यकात विद्युत्स्पंद उमटतो का हे कळते. मनगटातील चेतेला उत्तेजन दिल्यावर मेंदूत नेहमीपेक्षा पुष्कळ मोठा प्रतिसाद मिळाल्यास बाह्यकजन्य उगमास पुष्टी मिळते. हे कळल्यास औषधाची निवड सुकर होते, कारण लेव्हेटिरासेटम व पिरासेटम यांचा उपयोग विशेषतः बाह्यकजन्य प्रकारात दिसून आला आहे. एमआरआय चित्रण काही रुग्णांत सामान्य असते. त्यामुळे त्यावरून हा विकार नाकारता येत नाही.

## दीर्घकालीन प्रकारातील औषधे

### क्लोनाझेपाम

क्लोनाझेपाम हे बेन्झोडायाझेपिन गटातील औषध गॅबाच्या ग्राहीवर कार्य करून त्याचा शामक परिणाम वाढवते. बाह्यकजन्य व मस्तिष्कस्तंभजन्य अशा दोन्ही प्रकारांत ते उपयोगी पडत असल्याने उपचाराच्या आरंभी त्याचा विचार होतो. साधारणपणे ०.५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात. गुंगी, तोल जाणे, लाळ वाढणे आणि विचारांची मंदता हे त्याचे दुष्परिणाम आहेत. आधीच अस्थिर चालणाऱ्या रुग्णात तोल जाण्याचा धोका अधिक गंभीर ठरतो. काही काळाने औषधाची सवय होऊन परिणाम घटू शकतो. ते एकाएकी बंद केल्यास झटके उसळतात आणि अपस्माराचे झटकेही येऊ शकतात.

### व्हॅल्प्रोएट

व्हॅल्प्रोएट मेंदूतील गॅबाचे प्रमाण वाढवते आणि सोडियम-मार्गिकांवरही कार्य करते. ते एकट्याने किंवा क्लोनाझेपामच्या जोडीने देतात. वजन वाढणे, केस गळणे, हातांचा कंप, रक्तबिंबिका घटणे, रक्तातील अमोनिया वाढणे आणि क्वचित यकृताची गंभीर हानी हे त्याचे दुष्परिणाम आहेत. गर्भावस्थेत घेतल्यास गर्भात जन्मजात व्यंगे निर्माण होण्याचा व बौद्धिक विकासावर परिणाम होण्याचा धोका असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांमध्ये ते शक्यतो टाळतात. मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम प्रतिजैविके व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणतात. ही प्रतिजैविके अतिदक्षता विभागात नेहमी वापरली जात असल्यामुळे तेथे या परस्परक्रियेकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

### पिरासेटम व लेव्हेटिरासेटम

ही दोन्ही औषधे एकाच रासायनिक कुळातील आहेत. पिरासेटमचा उपयोग बाह्यकजन्य मायोक्लोनसमध्ये दिसून आला असून काही युरोपीय देशांत त्यास या कारणासाठी मान्यता आहे. त्याची मात्रा मात्र फार मोठी, दिवसाला २४ ग्रॅमपर्यंत असू शकते. इतक्या गोळ्या किंवा द्रावण रोज घेणे रुग्णास जड जाते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड दुर्बल असल्यास मात्रा घटवावी लागते, आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णात सावधगिरी बाळगावी लागते.

लेव्हेटिरासेटमला अमेरिकेत १९९९ मध्ये अपस्मारासाठी मान्यता मिळाली आणि लवकरच त्याचा मायोक्लोनसवरील परिणाम नोंदवला गेला. ते चेतापेशींच्या टोकाशी असलेल्या पुटिकांवरील 'एसव्ही२ए' या प्रथिनाला जोडले जाते. दिवसाला १,००० ते ३,००० मिलिग्रॅम ही त्याची नेहमीची मात्रा होय. यकृतावर त्याचा भार कमी पडतो, इतर औषधांशी परस्परक्रिया थोड्या असतात आणि ते शिरेतूनही देता येते. या गुणांमुळे अनेक ठिकाणी ते पहिल्या पसंतीचे औषध झाले आहे. चिडचिड, उदासी, झोपाळूपणा हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम आहेत. ऑक्सिजन-अभावातून सावरणाऱ्या व्यक्तीत नैराश्य आधीपासून असू शकते; म्हणून मनःस्थितीतील बदलाकडे कुटुंबीयांनीही लक्ष ठेवणे इष्ट ठरते.

### सेरोटोनिनची पूर्वद्रव्ये

५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅनचे शरीरात सेरोटोनिन बनते. हे रूपांतर मेंदूबाहेरच झाल्यास मळमळ, उलट्या व जुलाब होतात. ते रोखण्यासाठी सोबत कार्बिडोपा देतात. या उपचाराने काही रुग्णांत ठळक सुधारणा झाली, पण सर्वांना लाभ झाला नाही. दुष्परिणाम आणि नवी औषधे उपलब्ध होणे यांमुळे आज त्याचा वापर मर्यादित आहे. सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यरोधी औषधांसह ते घेतल्यास सेरोटोनिन-आधिक्याची धोकादायक अवस्था उद्भवू शकते.

### इतर औषधे

नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण न आल्यास झोनिसामाइड, ब्रिव्हॅरासेटम, पेरॅम्पॅनेल यांचा प्रयत्न केला जातो. पेरॅम्पॅनेल ग्लुटामेट या उत्तेजक चेतासंदेशकाच्या एका ग्राहीला अवरोध करते. काही रुग्णांचे झटके मद्यसेवनाने तात्पुरते कमी होतात. या निरीक्षणावरून सोडियम ऑक्सिबेट या औषधाचा अभ्यास झाला आणि काहींना त्याचा लाभ झाला. मात्र ते तीव्र गुंगी आणते, श्वसन मंदावू शकते आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या मोजक्या रुग्णांत मेंदूत विद्युदग्रे बसवून खोल उत्तेजन देण्याची शस्त्रक्रियाही करण्यात आली आहे.

## झटके वाढवू शकणारी औषधे

अपस्मारावरील प्रत्येक औषध मायोक्लोनसवर चालतेच असे नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन व व्हिगाबॅट्रिन यांनी काही प्रकारचा मायोक्लोनस उलट वाढू शकतो. रुग्णाच्या झटक्यांना सरसकट 'फिट' समजून यांपैकी औषध सुरू केल्यास त्रास वाढण्याची शक्यता असते. औषध वाढवूनही झटके वाढत असतील तर चालू औषधांची यादी तपासणे हे उपचाराचेच एक अंग ठरते.

## औषधयोजनेची पद्धत

एकाच औषधाने पुरेसा गुण येणे विरळा असल्याने दोन किंवा तीन औषधांची सांगड घालावी लागते. साधारणपणे एक औषध अल्प मात्रेने सुरू करून, सहन होईल तितके वाढवून, त्याचा परिणाम पाहून मगच दुसरे जोडतात. एकाच वेळी अनेक औषधे बदलल्यास कशाने गुण आला व कशाने अपाय झाला हे कळत नाही. निरुपयोगी ठरलेले औषध हळूहळू कमी करून थांबवतात.

उपचाराचे यश झटक्यांच्या संख्येपेक्षा रुग्णाच्या कार्यक्षमतेवरून मोजतात. स्वतः घास घेता येणे, सही करता येणे, आधाराने चालता येणे हे त्याचे व्यावहारिक निकष होत. झटके पूर्ण थांबवण्याच्या प्रयत्नात मात्रा इतकी वाढू शकते की रुग्ण दिवसभर गुंगीत राहतो. अशा वेळी थोडे झटके राहू देणे अधिक हितकारक ठरते. हातांचे धन झटके औषधांना तुलनेने चांगली दाद देतात. पायांतील ऋण झटके व त्यामुळे होणारा चालण्यातील अडथळा अधिक चिवट असतो.

## तीव्र प्रकारातील उपचार

बेशुद्ध रुग्णातील झटक्यांमुळे कृत्रिम श्वसनात अडथळा येऊ शकतो, तसेच नातेवाइकांना ते दृश्य क्लेशदायक वाटते. प्रोपोफॉल व मिडॅझोलॅम ही शामके झटके दाबतात. त्यांच्या जोडीने लेव्हेटिरासेटम, व्हॅल्प्रोएट किंवा क्लोनाझेपाम देतात. स्नायूशिथिलक औषधांनी हालचाल थांबते, परंतु मेंदूतील विद्युत्क्रिया थांबत नाही. त्यामुळे केवळ तीच वापरल्यास चालू असलेला अपस्मार झाकला जाऊ शकतो. शामकांच्या प्रभावाखाली असलेल्या रुग्णाची तपासणी फसवी ठरू शकते. म्हणून भवितव्याचा अंदाज बांधण्यापूर्वी त्यांचा प्रभाव ओसरू द्यावा लागतो.

मेंदू-विद्युतालेख येथे मार्गदर्शक ठरतो. आलेखाची पार्श्वभूमी अखंड असेल आणि झटक्यांबरोबर डोक्याच्या मध्यरेषेवर अरुंद टोकदार लहरी उमटत असतील, तर रुग्ण सावरण्याची शक्यता अधिक असते. आलेख दीर्घकाळ दबलेला राहून मधूनमधून स्फोट होत असतील व त्यांच्यासोबत झटके येत असतील, तर भवितव्य फार वाईट असते.

हृदयक्रिया थांबून वाचलेल्या बेशुद्ध रुग्णांच्या विद्युतालेखातील लयबद्ध व आवर्ती आकृतिबंध औषधांनी नेटाने दाबल्यास लाभ होतो का, हे नेदरलँड्स व बेल्जियममधील 'टेलस्टार' चाचणीत १७२ रुग्णांमध्ये तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३ महिन्यांनंतरच्या स्थितीत अशा उपचाराने सुधारणा झाली नाही. ही चाचणी शुद्धीवर आलेल्या लान्स-ॲडम्स रुग्णांसंबंधी नव्हती; त्यामुळे तिचा निष्कर्ष दीर्घकालीन प्रकारास लागू करता येत नाही.

## दुर्मिळ आजारांच्या कायद्याशी संबंध

५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन उपयोगी असल्याचे दिसूनही रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने ते औषध म्हणून बाजारात आणण्यास उत्पादक उत्सुक नव्हते. व्हॅन वोर्ट यांना आपल्या रुग्णांसाठी हे द्रव्य मिळवताना आलेल्या अडचणी १९८० च्या सुमारास अमेरिकी काँग्रेसपुढे मांडल्या गेल्या. अशा प्रकरणांतून जनमत तयार होऊन दुर्मिळ आजारांवरील औषधांसंबंधीचा कायदा संमत झाला. राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी त्यावर ४ जानेवारी १९८३ रोजी स्वाक्षरी केली. त्याद्वारे उत्पादकांना करसवलत व ७ वर्षांचा एकाधिकार मिळू लागला. १९८४ च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत २ लाखांपेक्षा कमी लोकांना होणारा आजार या कायद्यासाठी दुर्मिळ मानला जाऊ लागला.

## पूरक उपचार

औषधांबरोबर भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचोपचार यांची आवश्यकता असते. जड पेला व चमचा वापरणे, कोपर टेबलावर टेकवून जेवणे, स्नानगृहात हाताने धरण्याचे दांडे बसवणे अशा साध्या बदलांनी अपघात टळतात. पडण्याची भीती स्वतःच झटके वाढवते. म्हणून आधाराने चालण्याचा सराव व समुपदेशन यांचाही उपयोग होतो.

## परिणाम व पुराव्याच्या मर्यादा

लान्स-ॲडम्स लक्षणसमूह दुर्मिळ असल्यामुळे त्यावरील औषधांचे ज्ञान मुख्यतः एकेका रुग्णाच्या वृत्तांतांवर, लहान रुग्णमालिकांवर आणि इतर प्रकारच्या मायोक्लोनसवरील अभ्यासांवर आधारलेले आहे. मोठ्या नियंत्रित चाचण्यांच्या अभावी औषधांचा सर्वमान्य क्रम ठरलेला नाही आणि निवड रुग्णाच्या प्रकृतीनुसार केली जाते. शिवाय उपचारात यश आलेले वृत्तांत प्रसिद्ध होण्याचा कल अधिक असल्याने औषधांचा गुण वास्तवाहून मोठा भासू शकतो.

बऱ्याच रुग्णांत महिने व वर्षे लोटतील तशी हळूहळू सुधारणा होते आणि काहींना औषधे कमी करता येतात. काहींमध्ये चालण्यातील अपंगत्व कायम राहते. सुधारणा झाल्यावरही औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे असते. ती चेतातज्ज्ञाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी केली जातात.